जुनी सहलीची गाडी घेताना : ओळख बाजूला ठेवा, गाडी खालून पाहा

लग्नसराई, उन्हाळी सुट्टी आणि दोन्ही ईदा हे आपल्याकडे सगळ्या कुटुंबाने मिळून प्रवास करण्याचे दिवस. घरात लहानमोठी पंधरा माणसे असली की दरवेळी भाड्याची गाडी ठरवणे अंगावर येते. मग कुणीतरी विचार काढतो की भावाभावांनी पैसे एकत्र करावेत आणि एखादी जुनी टेंपो ट्रॅव्हलर घ्यावी. गावाला जाता येईल, महाबळेश्वर होईल, लग्नात उपयोगी पडेल. विचार वाईट नाही. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून झोपायची सोय, पाण्याची टाकी आणि छोटे स्वयंपाकघर बसवलेल्या गाड्यांची चर्चाही वाढली आहे. अशा गाड्या आता हात बदलून जुन्या बाजारातही येऊ लागल्या आहेत.

आमचा धंदा कापडाचा, गाड्यांचा नव्हे. पण माल घेण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. ताक्याचे वरचे दोन मीटर पाहून कोणताही शहाणा व्यापारी सौदा करीत नाही. ताका उलगडतो, उलटी बाजू पाहतो, उजेडात धरतो, पन्हा मोजतो. हाच माणूस गाडी घ्यायला गेला की चकचकीत रंग आणि नवी सीट कव्हरे पाहून बयाणा देतो. कारण विचारले तर सांगतो, 'गाडी ओळखीतली आहे.' आमच्या मते नुकसानीचे मूळ या एका वाक्यात आहे. ओळख ही सौद्याला बसण्यापुरती ठीक. ती तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

सर्वांत आधी कागद

पुष्कळ लोक आधी गाडी पाहतात, पसंत करतात आणि मग कागद मागतात. तोवर मन गाडीत बसलेले असते आणि कागदातला दोष दिसूनही माणूस डोळेझाक करतो. म्हणून क्रम उलटा असावा. पहिल्या भेटीत फक्त आरसी मागा. एम-परिवहन या सरकारी मोबाईल सेवेवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, पासिंगची मुदत, विम्याची मुदत आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे की नाही, हे समजते. थकलेले ई-चलनही पाहावे. एकेका गाडीवर चलनाची रक्कम हजारोंच्या घरात गेलेली असते.

आरसीवर कर्जाची नोंद असेल तर कर्ज फिटल्याचा नुसता तोंडी भरोसा चालत नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म दोन्ही हाती हवेत आणि आरसीवरून बोजा उतरलेला हवा. तो उतरेपर्यंत गाडी पूर्णपणे विकणाऱ्याची नाही, मग तुमची कशी होईल?

दुसरी गोष्ट पाटीच्या रंगाची. पिवळी पाटी म्हणजे धंद्याची गाडी, पांढरी पाटी म्हणजे खासगी. ट्रॅव्हलरसारख्या बहुतेक जुन्या गाड्या पर्यटनाच्या धंद्यातून आलेल्या असतात. धंद्याच्या गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर. पिवळ्या पाटीची गाडी घरच्या वापरासाठी पांढऱ्या पाटीवर आणायची असेल तर परमिट जमा करणे, कराचा फरक भरणे आणि आरटीओची मंजुरी ही कामे आहेत. 'नंतर करून घ्या, सोपे आहे,' असे दलाल म्हणतो. सोपे असेल तर विकणाऱ्याने आधी करून द्यावे, असा आग्रह धरा. याच्या उलट, पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन सुट्टीत भाड्याने फिरवण्याचा बेत कोणी करीत असेल तर तो आताच सोडावा. खासगी गाडीत भाड्याची माणसे बसली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

परराज्यातल्या गाडीबद्दल दोन शब्द. दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली बंदी घातली आणि २०१८ साली सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. तेव्हापासून त्या भागातील डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येत राहिल्या. किंमत पाहून तोंडाला पाणी सुटते. परंतु अशा गाडीला मूळ आरटीओचे २८ नंबरचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. जुन्या राज्यातला कर परत मिळवायचा तर तिथे वेगळा अर्ज. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई पुष्कळदा कागदावरच राहते.

नंबर जुळतो का?

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः पाहा. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. पासिंगच्या वेळी हीच रीत असते. अक्षरे एका रेषेत, एका खोलीची हवीत. नंबराभोवती घासल्याची, वेल्डिंगची किंवा नव्या रंगाची खूण दिसली तर तिथेच सलाम करून निघावे. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आरसीवर आहे का, हे विचारा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षेची पाटी बंधनकारक आहे. ती बसवली आहे की नाही तेही पाहून घ्यावे.

आरसीवर आसने किती लिहिली आहेत आणि गाडीत प्रत्यक्ष किती बसवली आहेत, हे मोजणारा ग्राहक विरळा. तेराच्या जागी सतरा आसने ठोकलेली असतात किंवा आसने काढून पलंग बसवलेला असतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत मनमानी बदल करता येत नाही. कॅराव्हॅनसाठी तर ए.आय.एस.-१२४ हे वेगळे मानक आहे. बॉडी बनवणाऱ्याकडून आतली सजावट करून घेतली आणि आरसीवर नोंद नाही, अशी गाडी म्हणजे सुंदर पॅकिंगमधला नापास माल. पासिंगला अडकेल आणि विम्याच्या वेळी वाद होईल.

गाडी सकाळी, थंड असताना पाहा

आता गाडीकडे वळू. गाडी पाहायला संध्याकाळी किंवा पावसात जाऊ नका. ओल्या रंगावर आणि बल्बच्या उजेडात कुठलाही ऐब दिसत नाही. सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागले तर सुरू होण्याची अडचण लपवली असण्याचा संभव आहे.

थंड इंजिन सुरू करताना धूर पाहा. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर असेल तर डिझेल पंप, नोझल किंवा हवेच्या फिल्टरचे दुखणे. इंजिन चांगले तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर आत पाणी जात असण्याची शंका घ्यावी. चालू इंजिनवर ऑइल भरण्याचे झाकण सैल करा. तिथून धूर दाबाने फेकला जात असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन लवकरच काम मागणार. रेडिएटरचे झाकण मात्र थंड असतानाच उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा ऑइलला दुधाळ रंग दिसला तर मोठ्या खर्चाची तयारी ठेवा, नाहीतर गाडी सोडा.

गाडी खालून पाहणे सर्वांत महत्त्वाचे. वीस रुपयांची पोती अंथरा, बॅटरी घ्या आणि खाली शिरा, किंवा गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी चढवा. चासीच्या लांब पट्ट्या सरळ आहेत का, कुठे सांधा दिला आहे का, पाटे तुटलेले किंवा बदललेले आहेत का, हे तिथेच कळते. किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीला खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. खालून काळा रंग नुकताच मारलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने हलकेच टोचून पाहा. लोखंड भुसभुशीत असेल तर पापुद्रा निघतो. इंजिन दुरुस्त होते, गिअर बॉक्स बदलता येतो, पण कुजलेली किंवा वाकलेली चासी हा कापडातला सुताचाच दोष आहे. रंगवून तो जात नाही.

पुराच्या गाड्यांचा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात नवा नाही. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, २०२१ चे चिपळूण-महाड. प्रत्येक वेळी असंख्य गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्या भंगारात गेल्या असे नाही. धुऊन, पुसून, अत्तर मारून बऱ्याच बाजारात आल्या. ओळखण्याची खूण सोपी आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, त्यावर चिखलाची रेघ राहून गेलेली असते. सीटखालचे बोल्ट, गालिच्याखालचा पत्रा, डॅशबोर्डमागच्या वायरींचे सांधे पाहा. मुख्य दिव्याच्या काचेत आतून पाण्याची रेघ आहे का तेही पाहा. आणि गाडीत शिरताच सुगंधाचा भडिमार झाला तर विचारा की कसला वास झाकला आहे.

मीटरवर भरोसा ठेवू नये. मागे फिरवलेले मीटर हा या बाजाराचा जुना रोग आहे. त्याऐवजी क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि ड्रायव्हरच्या सीटची कड पाहा. सर्व्हिसची बिले मागा, त्यांवर त्या त्या तारखेचे किलोमीटर लिहिलेले असतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर आतून कडक होतात, आणि सहलीच्या गाड्या वर्षातले पुष्कळ दिवस उभ्याच असतात.

घरातली माणसे बसवून चालवा

रिकामी गाडी सरळ रस्त्यावर कुणाचीही चांगली चालते. तुमची गाडी पंधरा माणसे आणि सामान घेऊन चढ चढणार आहे. म्हणून आठ-दहा माणसे बसवून चढावर न्या. नाशिककडचे असाल तर कसारा घाट, पुण्याकडचे असाल तर कात्रजचा जुना घाट. तापमानाचा काटा चढतो का, क्लच घसरतो का, उतारावर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग किती मोकळे फिरते, हे पाहा. मागचा एसी निदान अर्धा तास चालवा. पाच मिनिटे थंड हवा सगळेच एसी देतात.

झोपण्याची सोय असलेली गाडी असेल तर आणखी काही. जास्तीची बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रिज यांची वायरिंग कुणी केली आणि प्रत्येक जोडणीला फ्यूज आहे का? वायरींना टेप गुंडाळून सांधे दिले असतील तर ती आगीची तयारी समजा. गॅसची जागा हवेशीर आहे का, नळी कधीची आहे? पाण्याची टाकी भरून अर्धा तास उभी ठेवा, गळती खालच्या पत्र्याला सडवते. छतावर सामानाचा कठडा बसवताना पाडलेल्या भोकांतून पावसाचे पाणी उतरते का, हे छताच्या आतल्या कापडावरचे डाग सांगतील. संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी किंवा दार उघडते का, हे हाताने उघडून पाहा. आमच्या मते या एका कारणासाठीसुद्धा सौदा मोडायला हरकत नाही. त्या गाडीत आपली मुले झोपणार असतात.

एवढे सगळे स्वतःला कळत नसेल तर मिस्त्री बरोबर न्या. मात्र तो तुमचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याची दिवसाची मजुरी आधी द्या, सौदा होवो न होवो. सौदा झाला तरच ज्याला पैसे मिळणार तो मिस्त्री राहत नाही, दलाल होतो.

नाव कुणाचे, जबाबदारी कुणाची

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. आपल्याकडे सर्रास अशी पद्धत आहे की पैसे दिले, किल्ली घेतली, २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि ते कागद कपाटात ठेवले. गाडी जुन्या मालकाच्या नावावर वर्षानुवर्षे फिरते. ट्रान्सफरचे पैसे वाचले असे वाटते.

यात किती मोठा धोका आहे हे सुप्रीम कोर्टाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालावरून कळते. एक गाडी हातोहात अनेकांकडे विकली गेली, आरसीवर नाव मात्र पहिल्या मालकाचेच राहिले. २००९ साली त्या गाडीने अपघात होऊन माणूस दगावला. नुकसानभरपाई कुणी द्यायची, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. कोर्टाने सांगितले की आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी माणसाने किंवा मयताच्या वारसांनी विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. म्हणजे विकणाऱ्याने गाडी विकून दोन वर्षे झाली असली तरी तो सुटत नाही. आणि घेणाऱ्याचे काय? अपघात झाला, चोरी झाली, गाडी जळाली, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा त्याला मिळणे कठीण, कारण पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर आहे. कायद्याने विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. विमा नावावर करण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यायचा असतो. जुन्या मालकाची नो-क्लेम सवलत गाडीबरोबर येत नाही, ती माणसाची असते. फास्टॅगही नवा घ्यावा.

भागीदारीच्या गाडीत याहून नाजूक प्रश्न असतो. तीन भावांनी पैसे घातले, आरसीवर नाव एकाचे. सगळे ठीक चालले तर कुणी काही बोलत नाही. परंतु ज्याच्या नावावर गाडी तो अल्लाहला प्यारा झाला किंवा भाऊ वेगळे झाले, तर कायद्यापुढे बाकी दोघांच्या हाती काय राहते? आरसी तर एकाचीच. तेव्हा घरातसुद्धा साधा करारनामा करावा. कुणाचे किती पैसे, खर्च कसा वाटायचा, विकली तर हिस्सा कसा, मालकाचा मृत्यू झाला तर गाडी कुणाकडे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. भावाभावात पुढे कटुता येऊ नये यासाठीच लिहायचे असते.

आमचे मत

आमचे स्पष्ट मत असे की घेणाऱ्याने सौद्याची पूर्ण रक्कम कधीही एकदम देऊ नये. किमान दहावा हिस्सा आरसी आपल्या नावावर होईपर्यंत राखून ठेवावा आणि तसे पावतीवर लिहावे. पावतीवर गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळही लिहावी, म्हणजे त्याआधीची चलने आणि भानगडी कुणाच्या हे ठरते. पैसे बँकेतून द्यावेत. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याला यात काही अडचण नाही, उलट त्याचीही सुटका होते. जो म्हणतो की 'आमच्यावर भरोसा नाही का?', त्याला सांगावे की भरोसा आहे म्हणूनच नव्वद टक्के आज देत आहोत.

काही वाचक म्हणतील की एवढे सगळे पाहिले तर जुनी गाडी कधी मिळणारच नाही. मिळेल, पण दहा पाहाव्या लागतील. आणि किंमत ठरवताना फक्त सौद्याचा आकडा धरू नये. टायर, बॅटरी, पासिंग, कर, विमा, ट्रान्सफर आणि पहिल्या सर्व्हिसचा खर्च मिळवून जो आकडा येतो ती खरी किंमत. तो आकडा वर्षातून पाच-सहा सहलींच्या भाड्यापेक्षा फार जड जात असेल तर गाडी न घेणे हाही एक चांगला व्यवहार आहे. दारात उभी असलेली गाडी काही खात नाही, हा गैरसमज आहे. विमा खाते, बॅटरी खाते, टायर खाते आणि जागाही खाते.

जे बांधव जुन्या गाड्यांचा धंदा करतात त्यांनाही आमची विनंती आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अशा डीलरांसाठी नोंदणीचे नियम काढले. अधिकृत डीलरच्या ताब्यात आलेली गाडी कुणाच्या जबाबदारीवर आहे, हे त्यामुळे स्पष्ट होते. ती नोंदणी करून घ्यावी. आणि मालातला ऐब गिऱ्हाईकाने शोधायच्या आधी आपणच दाखवावा. ऐब सांगून विकलेल्या मालात नफा थोडा कमी मिळतो, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्या भावाला घेऊन येते. बाजारात पेढी टिकते ती अशाच गिऱ्हाइकांवर.